उपटणाऱ्याची पऱ्हाटी

साहेब म्हणाले, "पऱ्हाटी हा कचरा नाही. पऱ्हाटी हे इंधन आहे!" आणि ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसलेल्या बाया खदखदून हसल्या.

साहेबांना वाटलं, आपलं काही चुकलं. त्यांनी मागं वळून पडद्यावरचं चित्र पाहिलं. चित्र बरोबर होतं. कपाशीच्या वाळल्या झाडांचा ढीग, त्यापुढं बाण, बाणापुढं मोठी टाकी, आणि टाकीपुढं हिरवी बस.

"काहून हसता वं?" सरपंच खेकसले.

"काही नाही, सायेबाले आज समजलं म्हणून हसलो," नलू म्हणाली. "आमी तं लगन होऊन आलो तईपासून त्याले इंधनच म्हणतो."

तिच्या मांडीला मांडी लावून जमनी बसली होती. तीही पदरात तोंड घालून हसली. हीच पऱ्हाटी तिला नंतर फार महागात पडायची होती, पण तेव्हा तिला ते ठाऊक नव्हतं.

साहेब चांगले होते. न रागावता त्यांनी पुढं सांगितलं. तालुक्याजवळ प्लांट होतो आहे. सरकार त्याला अनुदान देणार. पऱ्हाटीपासून गॅस निघणार, त्यावर बसा चालणार, ऑटो चालणार, धूर म्हणून नाही. शेतकऱ्यांनी गट करावा, पऱ्हाटी बारीक करायचं मशीन घ्यावं, त्यालाही अर्धं अनुदान. मात्र पहिल्याच हंगामात गटानं आपल्या शेतकऱ्यांची पऱ्हाटी प्लांटला देऊन दाखवली पाहिजे. नाही दाखवली तर अनुदान परत जाईल आणि मशीन गटाच्या गळ्यात.

गटाचा अध्यक्ष म्हणून जमनीचा पोरगा ओम उभा राहिला. पुण्याला कंपनीत चार वर्षं काढून, तिथली नोकरी गेल्यावर तो तांड्यात परत आला होता. वर्षभर कट्ट्यावर बसून त्यानं लोकांचे टोमणे खाल्ले होते. आज त्याच्या अंगात इस्त्रीचा शर्ट होता आणि साहेब त्याला 'ओमजी' म्हणत होते. जमनीचा ऊर भरून आला.

'शेतकऱ्यांची पऱ्हाटी द्यायची' हे नलूनंही नीट ऐकलं. पण तिच्या मनात काही खटकलं नाही. जमनीच्या नवऱ्याच्या, रामसिंगच्या वावरातली पऱ्हाटी शेतकऱ्याची थोडीच होती? ती तर तिची होती.

हा रिवाज जुना. नलू गावातल्या भीमनगरातली, जमनी नाल्यापलीकडच्या तांड्यातली. दोघी एकाच साली लग्न होऊन आल्या आणि दोघींनी दुसऱ्यांच्या वावरात एकाच टोळीत कापूस वेचला. पुढं रामसिंगच्या वावरात विहीर लागली, जमनीची मजुरी सुटली. नलूची सुटली नाही. तेव्हा जमनीच्या सासऱ्यानं, धावजीनं, एका शब्दात निकाल दिला होता, उपटणाऱ्याची पऱ्हाटी. म्हणजे नलूनं चिमट्यानं वावर साफ करून द्यायचं आणि निघालेली सगळी पऱ्हाटी आपल्या घरी न्यायची. मजुरी नाही, मोजमाप नाही. त्यावर नलूची चूल पुढच्या हंगामापर्यंत चालायची. त्याच काड्यांचा घराचा कूड, त्याच काड्यांचा न्हाणीचा आडोसा.

संक्रांत झाली की नलू नाल्यातूनच हाक द्यायची, "जमने, ओ जमने! चिमटा काढून ठेव वं!" अख्ख्या तांड्यात जमनीला 'जमने' म्हणणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं. नवरा तिला 'ओमची याडी', म्हणजे ओमची आई, म्हणायचा. बाकीच्यांची ती काकी, नाहीतर भाभी.

सभेच्या संध्याकाळी जेवताना ओमनं विषय काढला.

"याडी, आपली सप्पा पऱ्हाटी लागते बरं. धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत."

"आपली कुठं हाये? नलूची हाये ते," जमनी म्हणाली.

"वावर कोणाचं हाये?"

"वावर आपलं. पऱ्हाटी तिची."

ओम हसला. हे हसणं त्यानं पुण्याहून आणलं होतं. "असं प्लांटवाल्याले सांगू का? अध्यक्षाच्याच वावरातली पऱ्हाटी आली नाही, तं बाकीचे कायले देतीन? अनुदान गेलं तं मशीन माह्या बोकांडी बसते, याडी. तिच्या घरी सिलिंडर हाये ना?"

सिलिंडर होतं. ते केव्हाच रिकामं झालं होतं आणि नलूनं त्याच्यावर धुतलेली फडकी टाकून पाण्याची कळशी ठेवली होती. जमनीनं ते डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी ती म्हणाली, "हाये."

"मंग?"

"मंग तिले तसं आधी सांगून टाक."

"आधी सांगतलं तं ते उपटाले येईन का?" ओमनं भाकरीचा तुकडा मोडला. "सध्या मजूर भेटून नाही राह्यले. उपटून होऊ दे. मजुरी देऊन टाकू. फुकट थोडंच म्हणतो मी?"

जमनीनं नवऱ्याकडं पाहिलं. रामसिंग ताटातल्या वरणात बोट फिरवत होता. "तुमी मायलेक पाहून घ्या," तो म्हणाला आणि हात धुवायला उठला. रामसिंगनं आयुष्यातले सगळे अवघड निकाल असेच हात धुवून दिले होते.

मीच सांगीन तिला, असं जमनीनं ठरवलं. आणि ठरवलं म्हणून तिला बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाल्यातून हाक आली. "जमने, ओ जमने!"

नलू आली ती बोलतच. तिची वैष्णवी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवस भरत आले होते. "पाय पाह्य तिचे, असे सुजले. डाक्टरीन म्हणते, मीठ कमी खाय. मीठ कमी खाय म्हणजे काय वं, मिठाबिगर पोरीच्या तोंडात घास जाते का?" बोलता बोलता तिनं चिमटा उचललाही.

पऱ्हाटीचा चिमटा म्हणजे लोखंडाचा लांब दांड्याचा जबडा. बुडाशी खोड धरायचं, दांड्यावर भार टाकायचा, टाच रोवायची आणि कंबर मागं न्यायची. ओल असली तर झाड सुटतं. औंदा जमीन तडकली होती. झाड सुटताना खालून कट्कन आवाज यायचा आणि झटका थेट खांद्यात जायचा. कधी खोड मध्येच मोडायचं, मग बसून बुडखा कुदळीनं काढायचा. नलू उपटत होती, जमनी मागून मुळांची माती झटकून झाडं आडवी लावत होती. वाळल्या बोंडांची टोकं पोटऱ्यांना ओरबाडत होती.

जमनी दरवर्षी अशी मदतीला यायची. औंदा आपण मदतीला आलो की पाळतीवर, हे तिचं तिलाच कळेना.

"हे पाह्य," नलूनं अंगठ्याएवढं जाड खोड उचलून दाखवलं. "असे जाड जाड बाजूले ठेव. बाजेखालच्या शेगडीले. त्याचा इस्तो टिकते. बारक्या काड्या पाणी तापवाले. सव्वा महिना पोरीले सकाळ-संध्याकाळ कढत पाणी पाहिजे. माह्या बाळंतपणात सासूनं कोमट पाण्यानं न्हाऊ घातलं, अजून कंबर धरते माही."

आता सांगावं, जमनीला वाटलं. तोंड उघडलंही. "नलू..."

"काय वं?"

"पाणी पेतं का?"

"आण."

ती पाणी आणायला विहिरीवर गेली आणि बादली भरून तशीच उभी राहिली. सकाळी घरी ओमचा फोन सारखा वाजत होता. तो कुणालातरी सांगत होता, "हो साहेब, पहिला लॉट आमच्याच शेतातला." किती महिन्यांनी पोराच्या आवाजात असा तजेला होता. सांगितलं, तर नलू चिमटा टाकून जाईल. जाईलच. आणि मग हे एवढं वावर कोण उपटणार? दुपारी सांगू, जमनीनं ठरवलं. दुपारी नलूनं भाकरीबरोबर आणलेला ठेचा निम्मा तिच्या भाकरीवर ठेवला. ठेचा खाताना कसं सांगायचं? मग संध्याकाळी. संध्याकाळी नलूचा तळहात फुटला होता.

जमनीनं जुन्या लुगड्याची चिंधी फाडून तिच्या हाताला बांधली. घट्ट नाही, सैल नाही, अगदी बेताची. नलू म्हणाली, "तुह्या हातचं बांधलं की दुखत नाही वं." हे ऐकून जमनीला इतकं मेल्याहून मेल्यासारखं वाटलं की तिनं गाठ पुन्हा सोडून पुन्हा बांधली.

असं सगळं वावर होईपर्यंत चाललं. रोज सकाळी हाक, रोज दुपारी ठेचा, आणि रोज जमनीचं 'उद्या'. खोटं ती एकही बोलली नाही. नलूनं काही विचारलंच नव्हतं. पण रोज वावर मोकळं होत होतं आणि ढीग वाढत होते, जाडांचा वेगळा, बारकांचा वेगळा. ढीग रचतानाच नलूनं त्यांना नावं दिली होती. हा शेगडीचा. हा न्हाणीचा.

शेवटचं झाड निघालं तेव्हा नलूनं चिमटा पाण्यानं धुतला, पदरानं पुसला आणि जमनीच्या हातात दिला. "मारोतीनं बंडी सांगून ठेवली हाये. परवाच्या दिवशी नेतो सप्पा. थोडी वाळू दे." मारोती म्हणजे तिचा नवरा. गुडघ्यांनी गेलेला माणूस, पण बैल हाकायला अजून चांगला.

जमनी म्हणाली, "बरं."

तेवढा एक शब्द ती खोटा बोलली.

दुसऱ्याच दिवशी ट्रॅक्टर आला. मागं ते नवं पिवळं मशीन, त्यावर अनुदानाच्या योजनेचा फलक. प्लांटचा माणूस आला, सभेतले साहेब आले, गटातली पोरं आली. मशीनला हार घातला. नारळ फोडायला धावजीला आणलं. म्हातारा ऐंशीच्या पुढचा, कानानं ठार. त्याला वाटलं, चक्कीचं उद्घाटन आहे.

मशीन सुरू झालं. पोरं भाऱ्यावर भारा आत लोटू लागली. घरघर करत एकीकडून पऱ्हाटी आत जायची आणि दुसरीकडून तिचा भुगा उडत ट्रॉलीत पडायचा. साहेबांनी रुमाल नाकाला लावला आणि ओमच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढून घेतला. शेगडीचा ढीग पहिला गेला, कारण जाड खोडांनी फोटो चांगला येईल असं प्लांटचा माणूस म्हणाला.

जमनी विहिरीपाशी उभी होती. तिला सारखं नाल्याकडं पाहावंसं वाटत होतं आणि पाहवतही नव्हतं. मशीनचा आवाज गावापर्यंत जात असणार. गेलाच होता. थोड्या वेळानं नाल्याच्या चढावर बंडी दिसली. मारोती हाकत होता. नलू पुढं चालत होती, जवळजवळ धावत.

ती मशीनजवळ आली आणि थांबली. भुग्याकडं पाहत राहिली. पोरांनी मशीन बंद केलं नाही, उलट हात जरा जोरात चालवले.

धावजी काठी टेकत पुढं आला. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही. मशीनच्या घरघरीवर तो ओरडला, "ओम! नलीची पऱ्हाटी कुठं नेऊन राह्यले रे हे लोक?"

सगळ्यांनी ऐकलं. प्लांटच्या माणसानं ओमकडं पाहिलं. ओमचे कान लाल झाले.

"आपलीच हाये, दादा," तो म्हाताऱ्याच्या कानात ओरडला.

"आपली? उपटली कोणं?"

"आपणच!"

म्हातारा थुंकला. "आपल्या वाडवडलांनं बैलाच्या पाठीवर साऱ्या मुलखाचं मीठ वाह्यलं रे. लोकाच्या चुलीतला जाळ नाही वाह्यला कधी." गटातल्या एका पोरानं त्याला हळूच धरून सावलीत नेलं. म्हातारपणी असं होतंच, असं साहेबांना कुणीतरी सांगितलं.

ओमनं खिशातून नोटा काढल्या आणि मारोतीकडं गेला. नलूकडं जायची त्याची हिंमत झाली नाही. "काका, हे घ्या. सप्पा दिवसांची मजुरी. रेटनं."

मारोतीनं बायकोकडं पाहिलं. नलू म्हणाली, "घ्या. कामाचे हायेत, भीक नाही."

मग ती विहिरीपाशी आली. तिच्या तळहाताला अजून ती लुगड्याची चिंधी बांधलेली होती.

"जमने, तुले माहीत होतं?"

जमनीला वाटलं, नाही म्हणावं. पोरानं परस्पर केलं म्हणावं. नलूनं विश्वासही ठेवला असता, तेच तर वाईट होतं. जमनीनं मान खाली घातली.

"कईपासून?"

जमनीनं कठड्यावरची बादली उगाच सरकवली.

"ठेचा खाऊन राह्यली होती तईबी?"

जमनीला रडू फुटलं. नलू रडली नाही. तिनं दातांनी हाताची गाठ सोडली, चिंधी विहिरीच्या कठड्यावर ठेवली आणि बंडीकडं गेली. रिकामी बंडी नाला उतरताना फार वाजते. ती पलीकडं चढेपर्यंत जमनी ऐकत होती.

ओमचं अनुदान सुटलं. पेपरात फोटो आला, खाली 'स्वच्छ इंधनाचा शिल्पकार' असं छापलं होतं. तांड्यातले टोमणे मारणारे आता त्याच्याकडं पोराच्या नोकरीसाठी चकरा मारू लागले. मशीन गावोगाव फिरलं. एकही वावर सुटलं नाही. जमनीला पोराचा अभिमान वाटायचा आणि त्याच्यासमोर ताट ठेवताना लाजही वाटायची. दोन्ही खरं होतं. तिनं स्वतः त्या दिवसापासून ठेचा कुटला नाही. रामसिंगनं दोनदा मागितला, मग मागणं सोडलं.

वैष्णवीला मुलगी झाली, ही बातमी आठवडी बाजारात कळली. त्याच बाजारात हेही कळलं की जंगलात लाकडं आणायला गेलेल्या मारोतीची कुऱ्हाड फॉरेस्ट गार्डनं ठेवून घेतली.

जमनीनं डिंक घेतला, खोबरं घेतलं, खारीक घेतली. घरामागं तुऱ्हाट्यांचा, तुरीच्या वाळल्या काड्यांचा, भारा पडला होता. त्यातला निम्मा डोक्यावर घ्यावा, असं तिच्या मनात आलं. ती भाऱ्यापाशी जाऊन उभीही राहिली. पण डोक्यावर इंधन घेऊन भीमनगरात शिरायचं म्हणजे सगळ्या गल्लीला आपला गुन्हा दाखवत जायचं. तिचं धाडस झालं नाही. डिंक-खोबरं पिशवीत लपतं.

नलूच्या दारात कुणी नव्हतं. घरामागून पाण्याचा आणि तान्ह्या पोरीच्या रडण्याचा आवाज येत होता. जमनी वळसा घालून मागं गेली आणि तिथंच थांबली.

न्हाणीचा कूड निम्मा राहिला होता. मागच्या सालच्या पऱ्हाटीचा, जमनीच्याच वावरातल्या, नलूनं शेणानं लिंपून उभा केलेला. वरपासून छातीपर्यंत काड्या गेल्या होत्या. एका बाजूला तर खिंडारच पडलं होतं आणि त्यावर लुगडं टांगलं होतं. लुगड्याआड वैष्णवी गोणपाटावर बसून न्हात होती. वारा आला की लुगडं उडायचं आणि ती ओली बाळंतीण दोन्ही हातांनी अंग झाकून भिंतीकडं सरकायची. बाहेर तीन दगडांवर पाण्यानं भरलेला गंज, मोठं पातेलं, होता. नलू खाली बसून जाळ फुंकत होती.

"कोण हाये?" नलूनं धुरातून डोळे चोळत पाहिलं. मग पदर सारखा केला आणि उठली.

"या, बाई. बसा."

जमनीला वाटलं, मागं दुसरं कुणी आहे. तिनं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं.

"बसा ना. उभ्या काहून?" नलूनं पाट पुसून ठेवला. पिशवी घेतली, आत डोकावली, म्हणाली, "कायले तकलीफ घेतली तुमी?" आवाजात राग नव्हता. राग असता तर जमनीनं पाय धरले असते. सरपंचाच्या बायकोशी, मास्तरणीशी नलू जसं बोलायची, तसंच ती बोलत होती.

"पोरगी कशी हाये?" जमनीनं विचारलं.

"मस्त हाये. चा ठेवतो."

"नको, नलू. नको वं. आताच पेऊन आली."

नलूनं तिच्याकडं पाहिलं. त्या एका नजरेत जमनीच्या ध्यानात आलं, की या घरात येऊन चहाला नको म्हणणारे लोक कोणते असतात, हे नलूला आयुष्यभर माहीत होतं. तिच्या 'नको'चा अर्थ आता तो होणार होता.

"बरं, घोटभर," ती घाईनं म्हणाली.

नलूनं पाण्याचा गंज उतरवून वैष्णवीकडं सरकवला. खालचा जाळ बसत आला होता. ती उठली, कुडापाशी गेली, आणि तिनं मूठभर काड्या धरून कडाकडा मोडल्या. लिंपलेलं शेण खाली पडलं. आतून वैष्णवी म्हणाली, "मा, इकडची नको काढू ना, रस्त्यावरून दिसते." नलू म्हणाली, "एवढीच, बापा. पाव्हनी हाये." आणि ते खिंडार आणखी वीतभर खाली आलं.

काड्या वाळलेल्या होत्या. भर्रकन पेटल्या. जमनी पाहत राहिली. चांगलं इंधन होतं, धूरही फारसा नव्हता.

चहा झाला. नलूनं घरातली कान असलेली एकुलती कपबशी काढून त्यात गाळला आणि दोन्ही हातांनी पुढं केला. पूर्वी दोघी एकाच पेल्यातून आळीपाळीनं प्यायच्या.

"पुढच्या सालीबी मलेच सांगजा, बाई," नलू म्हणाली. "दुसरं कोणी लावू नका. उपटून देईन मी. मजुरीनं."

जमनीनं कपबशी खाली ठेवली. "नलू," ती म्हणाली, "मले जमने म्हण ना वं. शिवी दे, पण तुमी नको म्हणू."

नलू गंजातलं पाणी तांब्यानं वैष्णवीला ओतून देत होती. तिनं वळून पाहिलं नाही.

"घ्या," ती म्हणाली, "चा थंडा होऊन राह्यला तुमचा."